अहो, गोळी घेतली का?

राजमहंमदभाईंच्या अंगावर पहिल्यांदा गांधी उठल्या, तेव्हा त्यांची बायको बदरुन्निसा जाऊन चार महिने झाले होते. आधी डावा गाल, मग मान, मग डावा खांदा. लोणावळ्याच्या बाजारात, घराच्याच पुढच्या भागात, त्यांचा गादी कारखाना. समोर गिऱ्हाईक उशांचा ढीग उपसतंय आणि मालक कापड मोजायच्या पट्टीने पाठ खाजवतायत, असा देखावा आठवडाभर चालला.

"पित्त आहे, दुसरं काय," सून जीनत म्हणाली. तिने आमसुलाचं पाणी अंगाला चोळलं आणि सासऱ्यांना घोंगडीत गुंडाळून बसवलं. आमसुलाने भाईंच्या अंगाला आंबट वास सुटला आणि घोंगडीने खाज दुप्पट झाली. शेवटी मुलगा इर्शाद त्यांना त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला.

"घरात काही पाळलंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पक्षी आहे. कॉकाटील, पोपटाच्या जातीचा. अम्मीने पाळलेला," इर्शाद म्हणाला.

"त्याला हाताळतं कोण?"

इर्शादने वडिलांच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं. शर्टावर पांढरे ओघळ वाळलेले होते. डॉक्टरबाईंनीही पाहिलं.

"खात्रीने नाही सांगता येणार. पण या पक्ष्यांच्या पिसांतून पांढरी भुकटी झडते, तिचा त्रास होऊ शकतो. पंधरा दिवस त्याला घराबाहेर ठेवा. आणि ही गोळी, रोज एक."

गोळीचं ऐकून भाईंनी मान डोलावली. पक्ष्याचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

त्याला कारण होतं. नवाब, म्हणजे तो पिवळ्या तुऱ्याचा राखाडी पक्षी, जन्मात एकच वाक्य शिकला होता, तेही बदरुन्निसाच्या आवाजात. "अहो, गोळी घेतली का?" भाईंच्या रक्तदाबाची गोळी. अडतीस वर्षांच्या संसारात शेवटची बारा वर्षं हा प्रश्न रोज चार वाजता स्वयंपाकघरातून यायचा आणि भाई रोज "घेतली" म्हणायचे. ती साफ थाप असायची. मग बदरुन्निसा हात पुसत यायची, त्यांची मूठ उघडायची आणि आतली गोळी त्यांच्या तोंडात घालायची. आता ती कब्रस्तानात होती आणि तिचा आवाज पिंजऱ्यात. भाई नवाबला खांद्यावर घेऊन गाल त्याच्या पिसांना लावून बसत. चार वाजता तो विचारी, भाई "घेतली" म्हणत, आणि कोणीतरी मूठ उघडेल म्हणून उगाच थोडा वेळ थांबत.

तर नवाब मळवलीला गेला, भाईंच्या जुन्या दोस्ताकडे. दत्तोबा तिथे एका बंगल्याची राखण करी. आठ दिवसांत भाईंचं अंग साफ झालं. घरात आनंदीआनंद. भाई मात्र चार वाजता उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे.

नवव्या दिवशी ते म्हणाले, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. वलवणच्या धरणापर्यंत जाऊन येतो."

धरण राहिलं बाजूला. भाई लोकलने एक स्टेशन मागे, मळवलीला उतरले.

"खातोय, पितोय, पर बोलत न्हाई," दत्तोबाने सांगितलं. "आमी लय बोललो त्येच्याशी. ह्यो आपला बगत ऱ्हातो."

भाईंनी नवाबला खांद्यावर घेतलं, गाल लावला. कापसाच्या धुळीत आयुष्य गेल्याने बोलण्याआधी खाकरायची त्यांना सवय. ते खाकरले आणि हळूच म्हणाले, "अहो, गोळी घेतली का? म्हण की रे. अहो, गोळी घेतली का?"

नवाबने एक डोळा मिटला.

दुसऱ्या दिवशी भाई पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही. रोज पन्नास-साठ वेळा तेच वाक्य, आणि प्रत्येक वेळी आधी ती खाकर. नवाब मुका तो मुकाच. गांधी मात्र बोलावल्यासारख्या हजर.

"भाई, आरशात तोंड बगा," दत्तोबाची बायको शालूबाई म्हणाली. "आसं घरी गेलासा तर सून काय म्हनंल?" मग तीही आमसुलाचं पाणी चोळी. तरी घरी पोचेपर्यंत मान लाल ती लालच.

आता पक्षी घरात नाही आणि गांधी आहेत. म्हणजे दोष दुसऱ्या कशाचा तरी. इर्शादने शोध सुरू केला. पहिल्यांदा वांगं बंद झालं. मग अंडी. मग सुकट. मग साबण बदलला, मग कपडे धुवायची पावडर. घरात सकाळ-संध्याकाळ उकडलेला दुधी शिजू लागला.

"तू डाळीत नक्की काय घालतेस?" एका दुपारी इर्शाद बायकोवर ओरडला.

"विष घालते!" जीनत ताट आपटून म्हणाली. "अम्मींच्या हाताखाली नऊ वर्षं शिकले, तेच घालते." आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

भाई खाली मान घालून दुधी खात होते. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. उद्या सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं. उद्या चार वाजता ते मळवलीत होते.

महिन्याने पुन्हा डॉक्टरबाई. "यांचा व्यवसाय काय म्हणालात?"

"गादी कारखाना," इर्शाद म्हणाला, आणि मग कपाळावर हात मारला. "कापूस!"

"असू शकेल," डॉक्टरबाई सावधपणे म्हणाल्या. पण इर्शादला तेवढं पुरे होतं. कापूस पिंजायचं मशीन भाईंच्या वडिलांनी बसवलेलं. त्याच्या घरघरीत भाई लहानाचे मोठे झाले, त्याच्याच कडेला बसून बदरुन्निसाने उशा शिवल्या. दोन दिवसांत भंगारवाल्याचा टेंपो दारात उभा राहिला.

"अब्बा, तुमच्या तब्येतीपुढे मशीन काय चीज आहे?" इर्शादने त्यांचा हात धरला. "आपण तयार फोमच्या गाद्या ठेवू. बोला, देऊ ना?"

भाईंनी तोंड उघडलं. एक वाक्य बोलायचा अवकाश, मशीन वाचलं असतं. पण मग मळवली बंद झाली असती. आणि नवाबने कालच, म्हणजे त्यांना तसं वाटलं होतं, चोच थोडी हलवली होती.

"न्या," भाई म्हणाले.

टेंपो वळणावर दिसेनासा होईपर्यंत ते पायरीवर बसून होते. मग उठून चालायला गेले.

पुढच्या शुक्रवारी नमाज पढून भाई घरी आले, तर ओट्यावर दत्तोबा पिंजरा मांडीवर घेऊन बसलेला. चेहरा चोरासारखा.

"अब्बा, नवाब बिचारा निर्दोष होता," इर्शाद उत्साहाने म्हणाला. "तो गेला तरी तुमचं पित्त थांबलं नाही. उगीच हाकलला त्याला. मीच जाऊन घेऊन आलो."

"म्या म्हनत हुतो, ऱ्हाऊ दे हितं," दत्तोबा पुटपुटला. "ऐकतंय कोन."

भाईंना हसावं की रडावं कळेना. इतके दिवस खोटं बोलून जे मिळालं नव्हतं, ते आपण होऊन दारात आलं होतं. पिंजरा जुन्या खिळ्याला टांगला गेला. जीनत हात पुसत आली. इतक्या दिवसांनी सासूचा आवाज ऐकायचा म्हणून तिचे डोळे आधीच भरले होते. चार वाजले.

नवाबने तुरा फुलवला. खाकरला. आणि घोगऱ्या, म्हाताऱ्या, पुरुषी आवाजात म्हणाला, "अहो, गोळी घेतली का?"

नवाबने पुन्हा खाकरून पुन्हा विचारलं. तीच खाकर, तोच कापसाने बसलेला घसा.

इर्शादने आधी पक्ष्याकडे पाहिलं, मग वडिलांच्या डाव्या गालाकडे, मग दत्तोबाकडे. दत्तोबा चपला शोधू लागला.

"वलवणचं धरण," इर्शाद सावकाश म्हणाला. दुकानातल्या मशीनच्या रिकाम्या जागेकडे पाहत तो उभा राहिला.

भाई खाली बसले. "तिचा आवाज," ते म्हणाले, "माझ्याच आवाजाने पुसला मी."

दुधी, साबण, डाळीवरून झालेलं भांडण, सगळं जीनतच्या तोंडावर येऊन गेलं. ती आत गेली. आता भांडं आपटणार, असं वाटून भाईंनी डोळे मिटले. ती बाहेर आली ती पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन. गोळी तिने सासऱ्यांच्या हातावर ठेवली.

"अहो, गोळी घेतली का?" पिंजऱ्यातून खाकरत प्रश्न आला.

"घेतली," भाई सवयीने म्हणाले.

जीनतने त्यांची मूठ उघडली.