दोनशे चाळिसावा नग

गोदामातला कारकून अखेर परदेशी गेला. पण तसं काही घडलंच नाही, असं निर्यात खात्याने लेखी कळवलंय. तेव्हा आपणही तसंच समजू आणि सकाळपासून सुरुवात करू.

कपड्यांच्या दुकानांत उभे करतात ते पुतळे त्याच्या गावात बनत. सीमेपलीकडचे दुकानदार वर्षानुवर्षं डोळे झाकून तेच घेत. यंदा मात्र सरकारने निर्यातीवर तीनदा बंदी घातली, तीनदा उठवली. पलीकडचे लोक वैतागून दुसऱ्या देशाशी बोलू लागले. गोदामात तयार असलेला हा माल अडकला, तर कारखान्याला कुलूप ठरलेलं. शिवाय कारकुनाची लेक पाचच्या बसने परगावी शिकायला निघणार होती. "बाबा, स्टँडवर नक्की या हं," असं तिने दोनदा बजावलं होतं.

साडेअकराला तपासनीस आले. कागदावर दोनशे चाळीस नग. त्यातल्या एकाचे सकाळीच तुकडे झालेले.

"कागद बदलायचा तर नवा परवाना," मालक कुजबुजले. "अन् बारापासून परत बंदी म्हणतात. मोजणीपुरता तू उभा राहा शेवटच्या रांगेत."

"मी?"

"तुला कामावर हलताना कोणी पाहिलंय?"

कारकून उभा राहिला. तपासनीस मोजत मोजत त्याच्यापाशी आले, गालावर टिचकी मारून म्हणाले, "हा जरा दमलेला वाटतो."

"पलीकडे तशीच मागणी आहे, साहेब."

त्याच्या मानेवर सील बसलं. आणि बाराला हुकूम आला : सील झालेला माल बाहेर जायचा नाही, कारखान्यातही परतायचा नाही.

"साहेब, मी माणूस आहे हो," कारकून म्हणाला.

तपासनीस जराही दचकले नाहीत. "असाल. पण नोंद माल म्हणून झालीय. एक नग कमी भरला तर मी अन् मालक, दोघं आत जाऊ."

दार बाहेरून लागलं. झरोक्यातून ऊन येत होतं. दोनशे एकोणचाळीस जण त्याच्याकडे बघत नव्हते. थोड्या वेळाने बघायला लागले. नाक खाजवावं म्हणून त्याने हात उचलला. हात बराच विचार करून वर आला.

"सवय होते," शेजारून कोणीतरी हळूच म्हणालं. "मीपण मागच्या बंदीत मोजणीपुरताच उभा राहिलेलो."

आवाज ओळखीचा होता. नोकरी सोडून गेला म्हणत, त्या रंगाऱ्याचा.

साडेचारला बंदी उठली. परत बसायच्या आत माल निघायला हवा, म्हणून मोजदाद न करता सगळे नग गाडीत चढले. मालक तसा भला माणूस. पोरीचा हिरमोड नको म्हणून त्यांनी तुटका पुतळा चिकटवला, त्याला कारकुनाचा खुंटीवरचा कोट चढवला आणि स्टँडवर उभा करून आले.

"बाबा आज पहिल्यांदाच वेळेवर आले," लेक खिडकीतून आईला म्हणाली.

"आणि एकदाही घड्याळ पाहिलं नाही," आई म्हणाली. ती त्याला हाताला धरून घरी घेऊन गेली.

महिन्याभराने खात्याकडे परदेशी शिक्क्याचा अर्ज आला : "अर्जदार सध्या एका दुकानाच्या काचेत कार्यरत आहे. तरी नग क्रमांक २४० यास 'माणूस' या सदरात वर्ग करून स्वदेशी आयात करण्यास, तसेच मुलगी सुट्टीत येईल त्या दिवशी स्टँडवर हात हलवण्यापुरती हालचाल करण्यास परवानगी मिळावी, ही विनंती."