लाल टॅगवाले वामनकाका

आमचे शेजारी वामनकाका रानातल्या दगडाला हात लावायच्या आधी चपला काढतात आणि हात धुतात. देव म्हणून नव्हे. "माल हाताळताना हात स्वच्छ पायजेत," एवढंच.

साजगावच्या एका कारखान्यात त्यांचा जन्म स्टोअरकीपर म्हणून गेला. तिथे प्रत्येक नटबोल्टाचं कार्ड असे: जागा, नग, अवस्था. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा काकांनी कर्जत आणि खालापूर हे दोन तालुकेच स्टोअरमध्ये जमा करून घेतले. लढाईत पडलेल्यांचे बांधावरचे वीरगळ, झाडीत बुजलेल्या विहिरी, पडक्या देवळांचे खांब, सगळ्यांची कार्डं. त्यासाठी माझी स्कूटर लागते आणि ती चालवायला मी. ‘वीरगळ, नग एक, घोडा झिजलेला, तलवार शाबूत’ असं ते मागे बसून मोठ्यानं वाचतात, तेव्हा रस्त्यावरची माणसं वळून बघतात.

पळसदरीला त्यांनी गुरांना पाणी पाजायच्या एका दगडी डोणीच्या कार्डावर ‘काळ अज्ञात’ लिहिलं. घरातली म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "अवो, माज्या लग्नातली हाय ती!" काकांनी शांतपणे ‘अज्ञात’ खोडून ‘बाईंचं लग्न’ असं लिहिलं. मी हसून हसून बेजार झाले.

संध्याकाळी ते मोबाइलवर जग बघतात. "सुमन, बघ गं! इंग्लंडात रस्त्यावरच्या जुन्या लाल टेलिफोनच्या खोक्यालासुदा सरकारी यादीत नंबर हाय. आयर्लंडात शेतातल्या मातीच्या गोल बांधाला नंबर! जपानात तर जमिनीखाली जुनं कायतरी हाय हे म्हाईत असलं, तर पाया खणायच्या आधी कळवावं लागतं." बोलताना त्यांचे डोळे देवळात आल्यासारखे होतात.

"आपल्याकडेही याद्या आहेत की, काका."

"हायेत ना. किल्ले हायेत, लेणी हायेत. पण बांधावरचा आपला गडी कुनाच्या यादीत हाय? तो पन लढूनच मेला ना?"



मग कळंबजवळच्या एका शेतात रिसॉर्टचं काम निघालं. शेताच्या मधोमध काकांचा वीरगळ. काकांनी तहसील कचेरीत अर्ज दिला, पण उत्तराच्या आधी जेसीबी येणार अशी बातमी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धावतपळत पोचलो तर जेसीबीचा हात हवेत थांबलेला आणि सुपरवायझर ओरडत होता, "अरे दगड आहे तो! उचल!"

दगडाच्या गळ्यात सुतळीनं बांधलेला लाल पुठ्ठा होता. ‘तपासणी बाकी. हलवू नये.’ आणि खाली सही. काकांनी तो आदल्या दिवशी मला न सांगता एसटीनं येऊन बांधला होता. कारखान्यात संशयास्पद मालाला बांधतात तसाच.

जेसीबीवाला पूर्वी साजगावच्या त्याच कारखान्यात कामाला होता. "लाल टॅग हाय सायेब. ज्याची सही हाय त्यानं सोडल्याबिगर मी नाय हलवनार. उद्या विचारलं तर जबाबदार कोन?"

सुपरवायझरनं मालकाला बोलावलं. मालक आला, त्यानं दगडाला दोन प्रदक्षिणा घातल्या, तलवार बघितली, आणि काय वाटलं कोण जाणे, रिसॉर्टचा रस्ता चार हात पलीकडून न्यायला सांगितला. मी आ वासून बघत राहिले. एवढं मोठं यंत्र थांबलं ते पुठ्ठ्याच्या तुकड्यापुढे! देशोदेशीच्या सगळ्या याद्या मला त्या क्षणी काकांच्या सहीपुढे लहान वाटल्या.

तेव्हापासून टॅग भिजला, फाटला की काका नवा करून बांधतात. मागच्या महिन्यात त्यांना ताप होता. काकू गेल्यापासून घरात एकटेच, मुलगा कॅनडात. मी पेज घेऊन गेले तर त्यांनी औषधाआधी टॅग हातात दिला. "तेवढा बांधून ये गं. जुना फाटला असंल."

शेतात पोचल्यावर मी टॅग उलटून बघितला. मागे वळणदार अक्षरात ‘जबाबदार व्यक्ती’, आणि त्यापुढे काकांचं नाव. त्याखाली ‘यांच्या पश्चात’, आणि तिथे पेन्सिलीनं, अगदी फिकट, माझं नाव.

इतकी वर्षं हा माणूस माझ्या मागे बसून सगळ्या जगाच्या याद्या वाचत होता, आणि एवढं एक विचारायला त्याची जीभ रेटली नव्हती. मी नाही म्हटलं तर खोडता यावं, म्हणून पेन्सिल.

मी पर्समधलं पेन काढलं, नाव ठळक गिरवलं आणि चपला काढून टॅग बांधला.