कृतिशील वर्गाचा निरीक्षण अहवाल

बसलेला विद्यार्थी हा शिक्षणाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. बसला की तो ऐकतो, ऐकता ऐकता विचार करू लागतो, आणि तो विचार करतोय की झोपलाय हे बाहेरून कळत नाही. म्हणून आमच्या महाविद्यालयाने गेल्या सत्रापासून विद्यार्थ्याला बसूच न देण्याचे क्रांतिकारक धोरण स्वीकारले.

निरीक्षण समितीचा सदस्य या नात्याने मी प्रत्येक वर्गाच्या दारात डोळ्यांत तेल घालून पाच मिनिटे उभा राहतो. (सहाव्या मिनिटाला पुढचा वर्ग असतो.) फॉर्मात रकाने तीन: किती उठले, किती बोलले, भिंतीवर किती रंगीत चिठ्ठ्या लागल्या. यात अर्थशास्त्राच्या मॅडमचा वर्ग आदर्श ठरला. हाती चेंडू येईल त्याने उत्तर द्यायचे, अशी त्यांची पद्धत. साठजणांच्या त्या वर्गात बावीसजण चिठ्ठ्या लिहीत होते, चोवीसजण त्या चिकटवत होते आणि एकोणीसजण चेंडूमागे धावत होते. (एकाला एकच काम, असा नियम आहे.) रिकामा कुणीही नव्हता. विषय कोणता चालला होता ते विचारायचे राहिले. त्याला रकाना नाही.

गणिताचे सर मात्र तासिका तत्त्वावरचे, म्हणजे पुढच्या सत्रात राहणार की घरी बसणार हे याच फॉर्मावर ठरणारे. त्यांनी फळ्यावर एक गणित सोडवले, "यात मी एक चूक केली आहे, शोधा," एवढेच सांगितले आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसले. पाच मिनिटे कुणी चकार शब्द काढला नाही. मी 'वर्ग बंद पडलेला आढळला' असे लिहून निघालो. जिना उतरतोय तोच मागून एक मुलगी ओरडली, "सर, तिसरी ओळ! शून्यानं भागलंय तुम्ही!" आणि वर्गात एकच गलका झाला. खरे सांगतो, क्षणभर मला परत जावेसे वाटले. पण वेळ संपली होती, आणि नियम सगळ्यांना सारखे.

प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतले.

"अहो, तुमच्या वर्गात काहीच घडत नव्हतं म्हणे."

"मुलं विचार करत होती."

"करत असतील. पण ते दिसायला नको का?"

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाने त्यात भर घातली: 'सर शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात.' सरांच्या तासिका गेल्या. आता गणितही मॅडमच घेतात. चेंडू तोच आहे.

माझा अहवाल सूचना फलकावर लागला. दुसऱ्याच दिवशी त्या मुलीने त्यावर पेन्सिलने गोल करून लिहिले, 'बावीस, चोवीस आणि एकोणीस म्हणजे पासष्ट. वर्गात मुलं साठ.' फलक विद्रूप केल्याबद्दल तिला लेखी ताकीद देण्यात आली. अहवालात बदल करण्याचे काही कारण नाही. प्राचार्यांसह सातजणांनी तो वाचून सह्या केल्या आहेत. आपणही ते आकडे वर वाचलेत आणि मान डोलावून पुढे आलात. आठवी सही आपली धरली आहे.