मुंगी आणि माझा दगडासारखा हात

बालमित्रांनो, कल्पना करा, तुमच्या हातात जळमटं काढायची लांबलचक काठी आहे. तिच्या टोकाने भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नेम धरायचा आणि टोक जराही हलू द्यायचं नाही. जमेल? मला नक्की जमेल, असं मी छातीठोकपणे सांगत असे. अहो, पस्तीस वर्षं भूमिती शिकवली मी! फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेघ ओढायचो!

माझी नात मुंगी नऊ वर्षांची. वीतभरही रुंद नसलेल्या लाकडी तुळईवर ती चालते, गिरकी घेते, एका पायावर उभी राहते. स्पर्धेसाठी व्यायामशाळेतून एकच मुलगी जाणार होती. पण निवड करणाऱ्या मॅडम पाय मोडून घरी बसलेल्या. त्यांचा निरोप आला, "प्रत्येकीचा व्हिडिओ पाठवा. बघून ठरवते."

"आजोबा, नीट काढाल ना?" मुंगीने विचारलं.

"अगं, माझा हात म्हणजे दगड!"

"पुढे बसा हं पण."

आता व्यायामशाळेत पुढे होती नुसती बाकं, आणि पाठ टेकायच्या खुर्च्या सगळ्या मागे. मी आणि मुंगीची आजी मागे बसलो. फोनमध्ये झूम मग कशासाठी दिलाय? दोन बोटं ताणली, आणि दहापट मोठी मुंगी पडद्यावर आली.

आली आणि गेली! कधी डावीकडे, कधी उजवीकडे, मधेच नुसती भिंत. फोन बिचारा आपल्या परीने सावरत होता. क्षणभर चित्र घट्ट धरून ठेवायचा, आणि मग अडेल घोड्यासारखा एकदम हिसका!

"माझं कोपर धर गं," मी कुजबुजलो. आजीने धरलं. आता दोघांचे हात हलू लागले!

"तुमच्या श्वासानं हलतंय सगळं," ती म्हणाली.

मी श्वास रोखला. चित्र जरा थांबलं, पण मी टोमॅटोसारखा लाल झालो. शेजारच्या बाई किंचाळल्या, "अहो, यांना काहीतरी होतंय!" कुणी वारा घालू लागलं, कुणी पाण्याची बाटली तोंडाशी आणली, शिपायाने तर माझे दोन्ही पाय उचलून समोरच्या बाकावर ठेवले! मी सांगणार कसा? बोललो असतो तर श्वास सुटला असता ना!

एवढ्या गोंधळात मुंगीने मान वळवली नाही. टोकापर्यंत सरळ चालत जाऊन ती अलगद खाली उतरली.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला, तो मी स्पीकरवर ठेवला. या मॅडम म्हणजे माझीच जुनी विद्यार्थिनी.

"सर, मुंगी फारच डुलतेय हो. शेवटी तर नुसतं छत दिसतंय. कशी घेऊ तिला?"

मुंगीचा चेहरा पडला. तिने आजीच्या फोनवर तो व्हिडिओ पुन्हा लावला, नाक पडद्याला लावून पाहिला, आणि माझ्या फोनजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, माझ्यामागे भिंतीवर घड्याळ आहे बघा. तेही उड्या मारतंय. ते कुठे तुळईवर चढलंय?"

पलीकडून खळखळून हसू आलं.

"सर, माझी रेघ वाकडी आली की तुम्ही काय म्हणायचात? खोडा आणि पुन्हा काढा! उद्या पाचपर्यंत वेळ देते."

"आजोबा, तुमचा दगड हलला कसा पण?" मुंगीने विचारलं.

मी तिच्या हातात जळमटं काढायची काठी दिली. हात केसभर हलला, तर टोक हातभर हललं. "झूमचंही असंच असतं, बाळा. चित्र दहापट मोठं झालं की हाताचं हलणंही दहापट मोठं दिसतं. मग फोन तरी ते कितीसं सावरणार? कळलं?"

"कळलं. म्हणजे तुम्ही पुढे बसायला हवं होतं."

आजी पदर तोंडाला लावून हसली.

दुसऱ्या दिवशी मी अगदी पहिल्या बाकावर जाऊन बसलो, फोन दोन्ही हातांत गच्च धरून. मुंगी आली. तिने तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला, तुळईसमोर एक बादली पालथी घातली, तिच्यावर पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला, आणि बटण दाबायच्या आधी माझ्याकडे वळून म्हणाली,

"आजोबा, तुम्ही फक्त शेवटी टाळ्या वाजवा. त्यात हात हलले तरी चालतात!"