उजवीकडे सेहेचाळीस

रविवारी सकाळी सव्वासात वाजता वजनमापे निरीक्षकांनी बाथरूमचे दार आतून लावून स्वतःच्या टाळूवरचे केस मोजले. डाव्या चौकोनात एकोणीस निघाले, उजव्या चौकोनात सेहेचाळीस. त्यांनी मोबाइलवरचा फोटो आणखी मोठा केला आणि पुन्हा, या वेळी मोठ्याने, मोजले. तेवढेच भरले. बारा आठवड्यांपूर्वी दोन्हीकडे अकरा-अकरा होते.

बाहेर जेवणाच्या टेबलाशी त्यांची बायको आणि आई बसल्या होत्या. मध्ये बंद पाकीट होते. निरीक्षकांनी ते सर्वांसमक्ष फोडले. आतल्या चिठ्ठीवर आईच्या अक्षरात दोन ओळी होत्या. डावी बाटली, काढा. उजवी बाटली, साधे पाणी.

म्हणजे साध्या पाण्याने बायकोच्या काढ्याला पस्तीस विरुद्ध आठ असे चीत केले होते.

बायको ग्रंथालयात नोकरीला. गेल्या वर्षी ती लांबलेल्या तापातून उठली तेव्हा तिचे केस उशीवरच राहू लागले, मूठमूठ. तिने डोक्याला रुमाल बांधला, रजा वाढवली आणि पाच महिने दाराची बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसत राहिली. मग एका जुन्या मासिकात तिला काढ्याची कृती सापडली. आदल्या रात्री मेथ्या भिजत घालायच्या. सकाळी कांद्याची साले आणि रोझमेरीच्या काड्या झाकण ठेवून पंधरा मिनिटे उकळायच्या, निवल्यावर मेथीचे पाणी त्यात मिसळून फडक्याने गाळायचे. न्हाणे झाले की शेवटचा तांब्या त्याचा, वरून साधे पाणी घ्यायचे नाही. सहाव्या महिन्यात केस आले. दाट आले, पूर्वीपेक्षा काळे आले. खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंनी विचारले, मग टेलरबाईंच्या गिऱ्हाइकांनी विचारले, आणि बघता बघता दर रविवारी दहा वाजता जिन्यावर रिकाम्या बाटल्या घेतलेल्या बायकांची रांग लागू लागली. बायको प्रत्येकीला फुकट भरून द्यायची, वर चार गोष्टी सांगायची. जी बेलला दचकत होती, ती आता पावणेदहालाच दार सताड उघडून ठेवायची.

निरीक्षकांना यात एकच गोष्ट खटकत होती, आणि खटकणे हेच त्यांचे काम होते. सव्वीस वर्षे ते दुकानदारांची वजने तपासत आले होते. प्रमाण वजनाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांनी एकाही वजनावर शिक्का मारला नव्हता. शिवाय ताप उतरला तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते ते त्यांना आठवत होते. काही करू नका, सहा महिन्यांत केस आपोआप येतील. बायको तेव्हा खुर्चीत डोळे मिटून बसली होती. ते वाक्य निरीक्षकांनी घरात पुन्हा काढले नाही. पण एका संध्याकाळी जेवताना त्यांच्या तोंडून गेलेच, की एका डोक्यावरून काही सिद्ध होत नाही.

बायकोने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मग घ्या दुसरं डोकं," ती म्हणाली. "तुमच्यावर जागा भरपूर आहे."

अट तिनेच घातली. काढा साध्या पाण्याहून सरस ठरला नाही, तर त्या दिवसापासून बंद. रांगेतल्या बायकांना ती स्वतः सांगेल.

प्रयोग निरीक्षकांनी खात्याच्या शिस्तीत आखला. पुठ्ठ्याला एक इंचाचे दोन चौकोनी झरोके पाडले, ते डोक्यावर नेमके कुठे ठेवायचे त्याच्या खुणा ठरवल्या. आठवड्यातून दोनदा न्हाणे. डावीकडे कलून डावी बाटली, मान पुसून उजवीकडे कलून उजवी. आत काय आहे ते ना त्यांना ठाऊक असायचे ना बायकोला. पाण्यात कोरा चहा घालून रंगसुद्धा सारखा केलेला. हे बाटल्या भरायचे काम घरातल्या सगळ्यात विश्वासू माणसाकडे दिले होते, म्हणजे आईकडे. दोन्ही बाटल्यांना वासही सारखाच येत होता. आईने हे कसे साधले याचे निरीक्षकांना कौतुक वाटले आणि त्यांनी तसे तिला सांगितलेही. आई तेव्हा बाटल्यांची बुचे घट्ट करत राहिली होती.

दुसऱ्या महिन्यात फरक डोळ्यांना दिसू लागला. एका किराणा दुकानात निरीक्षक वाकून तराजू तपासत असताना दुकानदार बराच वेळ त्यांच्या टाळूकडे पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "साहेब, रागावू नका, पण काटा उजवीकडे झुकतोय." निरीक्षकांनी तराजूत पाहिले. काटा मधोमध होता.

तर आता निकाल टेबलावर होता. बायकोने चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून पाकिटात ठेवली आणि उठून काढ्याचे मोठे पातेले घासायला घेतले. आधीच लखलखीत असलेले पातेले ती पाच मिनिटे घासत होती. मग ते तिने वरच्या फळीवर उपडे घातले.

निरीक्षकांचे म्हणणे खरे ठरले होते, पण ते त्यांनाच नको होते. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, आपण उजव्या कुशीवर झोपतो, त्याचा परिणाम असेल. ऑफिसात खिडकी डावीकडे आहे, ऊन त्याच बाजूला लागते, तेही धरले पाहिजे. शिवाय चौकोन तसे लहानच.

"दुकानदारानं असं काही सांगितलं तर तुम्ही ऐकून घेता?" बायकोने विचारले.

ते ऐकून घेत नसत.

"मग झालं तर. दहा वाजता सांगते सगळ्यांना."

तेव्हा टेबलाशी बसलेल्या आईने चष्मा काढून पुसायला घेतला. गेल्या चाळीस वर्षांत आईने बोलण्याआधी चष्मा पुसला की घरात काहीतरी फुटलेले निघत असे. निरीक्षक जाऊन तिच्या समोर बसले.

"अरे, ते पाणी अगदीच साधं नव्हतं," आई म्हणाली.

हळूहळू सगळे बाहेर आले. बाटल्या भरून झाल्या की पातेल्याच्या तळाशी वाटीभर काढा उरायचा. सून पहाटे उठून करते, तो मोरीत ओतायला आईचा हात धजेना. मग ती तो उजव्या बाटलीत घालायची. लेकराची एक बाजू उपाशी ठेवायची हेही तिला पटत नव्हते. किती वेळा घातला? चारपाच वेळा. सात असेल. आणि ज्या आठवड्यात रांग मोठी असायची आणि काढा कमी पडायचा, तेव्हा डावी बाटली भरायला वरून नळाचे पाणी. ते किती वेळा, ते काही तिने लिहून ठेवले नव्हते.

"आई, मी तुला सांगितलं होतं ना की काटेकोर करायचं."

"काटेकोरच केलं. दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरायची मी."

निरीक्षकांनी कागद ओढला, दोन रकाने पाडले आणि थोड्या वेळाने पेन्सिल खाली ठेवली. डावीकडे काय पडले ते सांगता येत नव्हते, उजवीकडे काय पडले तेही नाही. अशा वजनावर त्यांनी लाल फुली मारून ते जप्त केले असते. प्रयोग रद्द, असे त्यांनी जाहीर केले, आणि त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की त्यांचा त्यांनाच संकोच वाटला. बायकोने मात्र फळीवरचे पातेले काढले नाही.

"रद्द म्हणजे काढा चांगला असं नव्हे," ती म्हणाली.

याचे उत्तर शोधेपर्यंत दहा वाजले. खरे तर दहाला दहा कमी असतानाच जिना भरला. टेलरबाईंच्या मोरीची खिडकी निरीक्षकांच्या बाथरूमच्या खिडकीच्या बरोबर खाली होती. सकाळची मोजणी त्यांनी ‘उजवीकडे सेहेचाळीस’पर्यंत ऐकली होती आणि ऐकलेले स्वतःजवळ ठेवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. रांगेत नेहमीच्या दुप्पट बायका होत्या, दोघी तर नवऱ्यांना घेऊन आलेल्या, आणि प्रत्येकीला उजवी बाटली हवी होती.

बायकोने दारात उभे राहून सगळे सांगितले. उजव्या बाटलीत पाणी होते, कोरा चहा होता आणि काही वेळा उरलासुरला काढा होता. कशाने काय झाले ते आम्हाला माहीत नाही. आज कुणालाच काही मिळणार नाही.



"द्यायचं नसेल तर तसं सांगा वहिनी," टेलरबाई म्हणाल्या. "डावं तेवढं आम्हाला द्यायचं आणि उजवं घरातल्यांना, असं का?"

बायकोने पुन्हा पहिल्यापासून सांगितले. या खेपेला तिघींनी लिहून घेतले. चहा किती चमचे, असे एकीने विचारले. पाणी नळाचे की गाळलेले, असे दुसरीने. दोन नवऱ्यांपैकी एकाने निरीक्षकांना डोके थोडे वाकवायला सांगितले, आणि सरकारी माणूस असूनही निरीक्षक वाकले. साडेदहापर्यंत बहुतेक जण घरी चहा उकळायला निघून गेले.

रांगेच्या शेवटी एक बाई उरली. कोपऱ्यावरच्या बेकरीत काउंटरवर असायची, दोन महिन्यांत दिसली नव्हती. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, हातात बाटली नव्हती. तिने डावी-उजवी विचारली नाही.

"येतात का पण?" ती म्हणाली.

बायकोने निरीक्षकांकडे पाहिले. निरीक्षकांनी तोंड उघडले. डॉक्टरांचे वाक्य त्यांच्या जिभेवर होते आणि ते बोलले तर ते दोन बायकांना एकदम ऐकू जाणार होते.

"मला सहाव्या महिन्यात आले," बायकोच म्हणाली. "डॉक्टर म्हणाले होते आपोआप येतील, तसेच आले असतील. यांना वाटतं मला ते ऐकू आलं नाही. खुर्चीत मीच बसले होते."



"मग हे सगळं कशाला करत होतात?" बाईने विचारले. तिच्या स्वरात टोमणा नव्हता, तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

"मेथ्या भिजत घातल्या की सकाळी उठावं लागायचं," बायको म्हणाली. "नाहीतर मी उठत नव्हते."

तिने बाईला आत घेतले, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवले आणि रुमालाची गाठ सोडायला मदत केली. आई उठून खुर्ची ओढत जवळ आली. मग बायकोने फळीवरचे पातेले काढले, नळाखाली धरून अर्धे भरले आणि शेगडीवर ठेवले. यात काय घालणार, असे निरीक्षकांनी दारातून विचारले. तिने ऐकले की नाही ते कळले नाही. ती त्या बाईला काहीतरी हळू आवाजात सांगत होती. दहा चाळीस झाले तेव्हा पाण्याला बुडबुडे येऊ लागले होते, आणि पातेल्यात अजून नुसते पाणीच होते.