एक बाही, एक कडवं

रविवारी सकाळी साडेदहा वाजता स्टुडिओत तीन माणसे आणि काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट असे सगळे जण लाँड्रीवाल्या दादांच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या तोंडातून गाणे काही बाहेर येत नव्हते.

"पोट बरं आहे ना?" चष्म्यांचे दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्याने गिटार मांडीवर आडवी ठेवत विचारले.

"पोटाचा काय संबंध? हातांचं काय करू ते कळत नाहीये."

दादांनी हात खिशात घालून पाहिले, बाहेर काढले, शेवटी मागे बांधले. मागे बांधल्यावर मुख्याध्यापकांसमोर उभे असल्यासारखे वाटू लागले, म्हणून पुन्हा सोडले. आतापर्यंत ते पहिले कडवे दोनदा गायले होते आणि दुसरे एकदाही नाही.

वेळ एक वाजेपर्यंतच मिळाली होती. आणि नंतर कधीतरी बघू म्हणायची सोय नव्हती, कारण बँडमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या गणिताच्या मास्तरांची बदली झाली होती. सोमवारी सकाळी ते बाडबिस्तरा घेऊन इतक्या लांब निघणार होते की तालमीला येणे सोडाच, पत्र यायलाही आठवडा लागला असता. बदलीचा कागद आला त्या दिवशी दादांची धाकटी बहीण, जिला सगळे ताई म्हणत, एवढेच म्हणाली होती, "निदान तीन गाणी तरी नोंदवून ठेवू. मास्तर त्यात असले पाहिजेत." स्टुडिओही तिनेच ठरवला. ताई दिवसभर पोस्टात शिक्के मारायची आणि संध्याकाळी उरलासुरला जोर ड्रमवर काढायची, त्यामुळे तिने ठरवलेले सहसा कोणी मोडत नसे.

बँड सात वर्षे दादांच्या दुकानात जमत होता. शटर अर्धे खाली ओढायचे, चष्मेवाल्याने धुतलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसायचे, मास्तरांनी कोपऱ्यात, आणि दादांनी भिंतीकडे तोंड करून गायचे. गाता गाता ते इस्त्री करत. सकाळी कपडे द्यायचे असत, त्याला इलाज नव्हता. गाणी त्यांचीच होती. ती लोकांना आवडतात की नाही हा प्रश्न कधी आला नव्हता, कारण लोकांनी ती ऐकलीच नव्हती.

तिसऱ्यांदा गाडी अडली तेव्हा मास्तरांनी वर्गातल्यासारखे शांतपणे विचारले, "दादा, एक सांगा. दुसरं कडवं तुम्ही कधी सुरू करता?"

"दुसऱ्या बाहीला."

"म्हणजे?" चष्मेवाला म्हणाला.

"म्हणजे काय? पहिलं कडवं उजवी बाही. ध्रुवपदाला पाठ. दुसरं कडवं डावी बाही. मधे मास्तर वाजवतात तेव्हा मी कॉलर करून घेतो."

"आणि तिसरं गाणं? ते केवढं लांब आहे."

"ते चादरीचं आहे," दादा म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांना बोलल्यावर कळले आणि ते खुर्चीवर बसले.

सात वर्षांत हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते, दादांच्याही नव्हते. चष्मेवाल्याने आपली चष्म्याची पेटी त्यांच्या हातात दिली. दादांनी ती गिटारच्या खोक्यावरून दोन ओळींपुरती फिरवली आणि परत केली. "हिला वजन नाही," ते म्हणाले.

मग ताई चष्मेवाल्याच्या स्कूटरवर बसून दुकानात गेली आणि साडेअकराला इस्त्री, दोन घोंगड्या, एक चादर आणि अकरा शर्टांचे गाठोडे घेऊन आली. रेकॉर्डिस्टने तोवर तीन कप चहा संपवला होता. हा फार थोडे बोलणारा माणूस होता, पण दादांनी खिडकीतला त्याचा चौथा कप उचलून त्यातला चहा ओतून पाणी भरले तेव्हा त्याला बोलावेच लागले.

"इथे आत पाणी चालत नाही."

"पाणी नाही हो, नुसते शिंतोडे," ताईने समजूत घातली.

"इस्त्री तरी थंडच फिरवा. अभिनय केल्यासारखी."

दादांना हे मनापासून लागले. "सुरकुती समोर तशीच पडलेली आणि मी वरचा सूर लावायचा? तुम्हाला लागेल का?"

रेकॉर्डिस्टला तो कसाही लागला नसता, म्हणून तो फळी आणायला गेला. दोन खोक्यांवर फळी टाकून घोंगड्या अंथरल्या. भिंतीवर विजेची जोडणी करायला एकच पट्टी होती आणि ती भरलेली होती. घड्याळात बारा वाजून गेलेले. दादांनी वाकून त्यातली एक वायर, जी त्यांच्या मते कशाचीच नव्हती, उपटली आणि तिथे इस्त्री लावली. इस्त्री तापली. दादांनी भिंतीकडे तोंड केले, शर्ट पसरला आणि उजव्या बाहीवर पहिले कडवे घेतले.

आणि काय गायले दादा! ताईच्या हातातल्या काड्यांना पोस्टाचा विसर पडला. चष्मेवाला जिथे नेहमी चुकायचा तिथे चुकला नाही आणि त्या आनंदात पुढे एका नव्याच ठिकाणी चुकला, पण ते चालून गेले. मधे न थांबता तीनही गाणी झाली, पाच शर्ट झाले आणि चादरीची घडीही झाली. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट उठून आत आला. दिवसभरात तो पहिल्यांदाच हसला होता.

"गाणी मस्त झाली. फक्त कीबोर्ड नाहीये त्यात."

"नाहीये म्हणजे?" ताई म्हणाली.

सगळ्यांनी आधी मास्तरांकडे, मग कीबोर्डकडे आणि मग कीबोर्डच्या वायरीकडे पाहिले. वायर जमिनीवर पडली होती. तिच्या जागी दादांची इस्त्री होती. दादांचा चेहरा असा झाला की ताईला रागावताही येईना.

"मास्तर, तुम्हाला कळलं नाही का?"

"पहिल्याच सुराला कळलं," मास्तर म्हणाले.

"मग थांबवायचं ना."

"तुमचा सूर लागला होता. दोन तासांनी लागला होता. म्हटलं, राहू दे."

"मी थांबवणार होतो," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "यांनीच हात केला, चालू द्या म्हणून. आणि वाजवत राहिले बिचारे, बंद कीबोर्ड."

ज्याला गाण्यात ठेवण्यासाठी हा सगळा खटाटोप, तेवढाच एक माणूस गाण्यात नव्हता. आणि चौथ्याचे वाजवणे ऐकू येत नाही, हे तिघांना तीन गाणी होईपर्यंत कळले नव्हते. दोन्हींपैकी जास्त लाज कशाची वाटावी, ते चष्मेवाल्याला ठरवता येईना. तो उगाचच तारा पिळत बसला.

"अजून पंचवीस मिनिटं आहेत," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "कीबोर्ड वरून चढवता येतो. गाणं यांच्या कानात सोडतो, यांनी एकट्यांनी वाजवायचं. सोपं काम आहे."

कीबोर्डला त्याची जागा परत मिळाली. बाकीचे बाहेर गेले. दोन मिनिटांनी मास्तरच दार उघडून बाहेर आले आणि चष्मा पुसू लागले.

"मला एकट्याला जमत नाहीये."

"गाणं कानात येतंय ना?"

"येतंय. पण मी कानावर वाजवत नाही. दादांच्या कोपरावर वाजवतो. इस्त्री बाहीच्या टोकाशी जाऊन कोपर ताठ झालं की माझी पाळी. आत नुसती भिंत आहे." त्यांनी चष्मा परत चढवला. "तिकडे बदलीच्या गावीही नुसती भिंतच असेल म्हणा."

दादा आत गेले. गाठोड्यातले शिल्लक शर्ट घाईत तुडवले जाऊन काळे झाले होते. त्यांनी इस्त्री केलेल्या गठ्ठ्यावरचा पहिला शर्ट उचलला, दोन्ही मुठींत धरला आणि कचकचून चुरगळला. वीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी असे केले नव्हते. ताईला क्षणभर बघवले नाही.

"या सगळे आत," दादा म्हणाले. "मास्तर, बसा."

रेकॉर्डिस्टने सगळ्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, तोंडातून हूं की चूं निघता कामा नये असे बजावले आणि काचेपलीकडे गेला. तिथून त्याला दिसले ते असे: ताई ड्रमच्या वर हवेत काड्या मारत होती, चष्मेवाला तारांना बोट न लावता गिटार वाजवत होता आणि दादा ओठ मिटून, विझलेली इस्त्री शर्टावरून फिरवत होते. वाजत होते ते फक्त मास्तर.

दादांना गायचे नव्हते, म्हणून ते ऐकत होते. आपल्या दोन ओळींच्या मधे, जिथे आपण श्वास घेतो तिथे, काहीतरी हळूच येऊन ती ओळ उचलून पुढच्या ओळीच्या हातात देते, हे त्यांना आज कळत होते. त्यांना फार वाईट वाटले आणि फार छानही वाटले. बाही संपली तरी त्यांचा हात तिथेच फिरत राहिला.

तीनही गाणी झाल्यावर त्यांनी हेडफोन काढले आणि सात वर्षांत पहिल्यांदाच भिंतीकडे पाठ केली.

"मास्तर, हे तुम्ही रोज वाजवत होता?"

"रोज."

"कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कामात असायचात."

काचेपलीकडून आवाज आला, "उत्तम झालं. एकही चूक नाही. आवरा आता, एक वाजला."

"परत एकदा घेऊ या," ताई म्हणाली.

"अहो, चूकच नाही तर परत कशाला?"

तिने काड्या पुन्हा उचलल्या. मास्तरांनी कीबोर्ड बंद करायला उचललेला हात खाली घेतला, कारण दादांनी पुढचा शर्ट चुरगळायला घेतला होता.