सदूभाऊंचं चालणं

१२ फेब्रुवारी १९८४. रविवार, शाळेला सुट्टी, म्हणून मी अंगणात बाजेवर मुगवड्या घालत होते. लक्ष मात्र रस्त्याकडे होतं. शेजारचे सदूभाऊ आजही फिरायला निघाले नव्हते.

सदूभाऊ रिकाम्या हातानं कधीच चालत नाहीत. गेल्या वर्षी मुंबईला त्यांच्या हृदयाची झडप बदलली. डॉक्टरांनी बजावलं, विणायला हातमागावर बसायचं नाही, वजन उचलायचं नाही, रोज चालायचं. सावकाश, पण नदीच्या पुलापर्यंत. गोळ्या सदूभाऊंनी मुकाट्यानं घेतल्या. चालायला मात्र हरकत घेतली.

"बिनकामाचा मानूस रस्त्यानं हिंडला तं लोक काय म्हनतीन, बाई? छाती कापली ते कापली, डोक्याचाबी स्क्रू काढून घेतला म्हनतीन!"

म्हणून ते रॉकेलचा रिकामा डबा घेऊन निघाले. पहिल्याच दिवशी, दुकानात रॉकेल आलं असं समजून, अर्धी गल्ली आपापले डबे घेऊन त्यांच्या मागे. रॉकेल आलं म्हणजे रांग आलीच, आणि रांग मोडून पुढे जायचं कसं? सदूभाऊ छातीला जपत सावकाश चालले, तशी सगळी गल्लीही सावकाश चालली. पुलावर पोचून ते कठड्याला टेकले.

"काहून थांबले जी?" मागून एका बाईनं विचारलं. "दुकान तं मागंच राहिलं."

"मी तं हवा खाऊन राहिलो," सदूभाऊ म्हणाले.

नुकती छाती शिवलेली आहे म्हणूनही त्या दिवशी कोणी त्यांची गय केली नाही.

मग त्यांच्या बायकोनं, गिरजावहिनींनी, उपाय काढला. रोज सकाळी दारात उभं राहून त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं काम सांगायच्या. "अवो, कारध्याची वांगी आना! इथली नाही चालत मले!" कारधा म्हणजे पुलापलीकडचं गाव.

"या बाईच्या जिभेपायी मरीन मी एक दिवस," असं कुरकुरत सदूभाऊ पिशवी घेऊन निघायचे. वांगी खाऊन खाऊन वहिनींच्या तोंडाची चव गेली. सदूभाऊंची धाप मात्र गेली, गालांवर रंग आला.

जानेवारीत वहिनी तापानं गेल्या. दोन दिवसांचं निमित्त झालं. तेरवी उरकली, पाहुणे पांगले, आणि सदूभाऊ बाजेवर बसले ते बसलेच. असेच बसून राहिलात तर नवी झडपही काही करू शकणार नाही, असं इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

संध्याकाळी वड्या झाकून मी त्यांच्याकडे गेले आणि सरळ रागावले.

"सदूभाऊ, मरायचं ठरवलंय का? पाय पाहा कसे सुजले!"

त्यांनी पाय पाहिले. जणू दुसऱ्या कोणाचे असावेत.

"जातो म्हनतो, बाई. रोज चप्पल घालतो. दारात येऊन उभा राहतो."

"मग?"

"कोनी काही सांगतच नाही."

मी त्यांची गोळी शोधली, पाणी दिलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेथीची जुडी निवडून फोडणीला टाकली. मग पदर खोचून त्यांच्या दारासमोर उभी राहिले आणि वर्गात ओरडते तशी ओरडले, "सदूभाऊ, घरात भाजीची काडी नाही! कारध्याला जाऊन या!"

आतून काही आवाज आला नाही. मी पुन्हा ओरडले, या वेळी जरा जास्त रागानं, तेव्हा दारात चपला वाजल्या.